मधमाशी पाळायची तर आधी तिला ओळखा: देऊळघाट परिसरातील कुटुंबांसाठी मधुमक्षिकापालनाची प्राथमिक माहिती

देऊळघाट (जि. बुलढाणा) : बांधावरच्या चिंचेला किंवा पाण्याच्या टाकीखाली मोहोळ लागलं की गावात दोनच विचार सुरू होतात. एक, पोरांना तिकडे जाऊ देऊ नका. दुसरा, अंधार पडला की पलिता लावून मध काढून घ्या. सकाळी झाडाखाली जळालेल्या माश्यांचा सडा पडलेला असतो. घरात दोन-चार बाटल्या मध येतो आणि आजूबाजूच्या शेतात परागीकरण करणारी हजारो माश्यांची फौज एका रात्रीत संपते. हे नुकसान कुणाच्या वहीत लिहिलं जात नाही. ते कांद्याच्या बियाण्यात, सूर्यफुलाच्या पोकळ दाण्यांत आणि टरबुजाच्या वेड्यावाकड्या फळांत दिसतं.

देऊळघाट हे अजिंठ्याच्या डोंगररांगेत, पैनगंगेच्या काठचं गाव. डोंगर, नदी, बाभूळ-कडुनिंब-जांभळाची झाडं आणि आजूबाजूला शेती, म्हणजे मधमाशीला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी इथे आहेत. कमी जमीन असलेल्या किंवा जमीनच नसलेल्या कुटुंबालाही हा जोडधंदा करता येतो, कारण मधपेटी ठेवायला शेत लागत नाही, सावलीची जागा लागते. पण पेटी आणण्याआधी माशी समजून घ्यावी लागते. त्यासाठीच ही माहिती.

कुरआन आणि मधमाशी

पवित्र कुरआनमधील 16 व्या सूरहचं नावच 'अन-नहल' म्हणजे मधमाशी आहे. या सूरहच्या 68 आणि 69 क्रमांकाच्या आयतींमध्ये मधमाशीचा उल्लेख येतो. डोंगरांत, झाडांवर आणि माणसाने उभारलेल्या बांधकामांत घर करण्याची प्रेरणा अल्लाहने तिला दिली, आणि तिच्यापासून मिळणाऱ्या निरनिराळ्या रंगांच्या पेयात लोकांसाठी आरोग्य आहे, असा त्यांचा आशय आहे. या आयतींत मधमाशीसाठी अरबी व्याकरणातलं स्त्रीलिंगी रूप वापरलेलं आहे, याकडे अनेक अभ्यासक लक्ष वेधतात. पोळं बांधणारी आणि फुलांवर फिरणारी कामकरी माशी मादीच असते.

ज्या प्राण्यांना मारायला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली, त्यांत मुंगी आणि हुदहुदसोबत मधमाशीचंही नाव असल्याची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. म्हणून पोळं जाळून मध काढण्याची पद्धत फक्त शेतीच्याच नव्हे, दीनच्या नजरेनेही विचार करायला लावणारी आहे.

आपल्याकडच्या मधमाश्या

आग्या : आकाराने सर्वांत मोठी आणि सर्वांत तापट. उंच झाड, कडा, पूल, टाकी अशा ठिकाणी उघड्यावर एकच मोठं पोळं लावते. अजिंठा लेण्यांच्या कड्यांवर दिसतात ती हीच मोहोळं. तिथे पर्यटकांवर हल्ले झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. आग्या माशी हंगामानुसार स्थलांतर करते आणि ती पेटीत पाळता येत नाही.

फुलोरी : सर्वांत लहान. झुडपात, कुंपणात, कधी घराच्या गॅलरीत तळहाताएवढं एकच पोळं लावते. मध थोडाच असतो. हीसुद्धा पेटीत राहत नाही. भाजीपाल्याच्या परागीकरणासाठी मात्र फार उपयोगी.

सातेरी : ही आपली देशी पाळीव माशी. झाडाची ढोली, भिंतीची पोकळी, वारूळ अशा अंधाऱ्या जागी एकाशेजारी एक अनेक समांतर पोळी बांधते. अंधारात राहण्याच्या सवयीमुळेच ती पेटीत राहते. स्वभाव त्यामानाने शांत. वर्षाला पेटीमागे साधारण 5 ते 10 किलो मध मिळू शकतो.

मेलिफेरा : युरोपीय वंशाची पाळीव माशी. मध जास्त देते, पण तिला सतत फुलोरा लागतो. म्हणून व्यावसायिक मधपाळ पेट्या ट्रकमध्ये घालून मोहरी, सूर्यफूल, ओवा, बाभूळ अशा फुलोऱ्यामागे फिरतात. नव्या माणसाने थेट मोठ्या संख्येने मेलिफेरा आणणं जोखमीचं.

याशिवाय डंखरहित माशी असते. भिंतीच्या भेगेत मेणाची बारीक नळी काढून राहणाऱ्या या चिमुकल्या माश्या अनेक घरांत दिसतात. त्या डंख मारत नाहीत. मध अगदी थोडा.

एका वसाहतीतलं कुटुंब

मधमाश्यांच्या समूहाला वसाहत म्हणतात. चांगल्या सातेरी वसाहतीत दहा-वीस हजार माश्या असतात, मेलिफेराच्या भर हंगामातल्या वसाहतीत पन्नास हजारांपर्यंतही जातात. या सगळ्यांत तीन प्रकार असतात.

राणी एकच असते. अंडी घालणं हे तिचं काम. मेलिफेराची राणी भर हंगामात दिवसाला दीड हजारांच्या आसपास अंडी घालू शकते, सातेरीची त्यापेक्षा कमी. जन्मानंतर काही दिवसांनी ती उड्डाणासाठी बाहेर पडते, हवेतच अनेक नरांशी तिचा संयोग होतो, आणि ते बीज ती आयुष्यभर शरीरात साठवून ठेवते. ती दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त जगते. राणी हुकूम सोडत नाही. तिच्या शरीरातून निघणाऱ्या गंधामुळे मात्र वसाहत एकत्र राहते.

नर आकाराने जाड, डोळे मोठे, नांगी नसते. राणीशी संयोग झाला की तो मरतो. फुलोरा संपून अन्न कमी झालं की कामकरी माश्या उरलेल्या नरांना बाहेर काढतात. नर हा फलित न झालेल्या अंड्यातून जन्मतो, म्हणजे त्याला आई असते, बाप नसतो.

कामकरी माश्या म्हणजे बाकीच्या सगळ्या. त्यांचं काम वयानुसार बदलतं. आधी घरं साफ करणं, मग अळ्यांना भरवणं, मग पोटाखालच्या ग्रंथींतून मेण काढून पोळं बांधणं, दारावर पहारा देणं आणि साधारण तीन आठवड्यांनंतर बाहेर जाऊन मकरंद, पराग आणि पाणी आणणं. कामाच्या हंगामात कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. एक माशी आयुष्यभर खपून चमच्याचा लहानसा भागच मध तयार करते. हे लक्षात आलं की घरातली मधाची बाटली वेगळीच दिसू लागते.

अंड्यापासून माशीपर्यंत

अंडं तीन दिवसांनी फुटून अळी बाहेर येते. पहिले सुमारे तीन दिवस सगळ्याच अळ्यांना राजान्न मिळतं. त्यानंतर कामकरी अळीला मध-परागाचं मिश्रण दिलं जातं, पण जी राणी व्हायची तिला शेवटपर्यंत राजान्नच मिळतं. अंडं एकाच जातीचं, फरक फक्त खाण्याचा. मेलिफेरामध्ये अंडं घातल्यापासून राणी 16, कामकरी 21 आणि नर 24 दिवसांत बाहेर येतो. सातेरीची कामकरी माशी एक-दोन दिवस आधी.

हे आकडे मधपाळाला रोज उपयोगी पडतात. पेटीत अंडी दिसली म्हणजे गेल्या तीन दिवसांत राणी हजर होती. अंडी नाहीत, फक्त बंद घरं आहेत, म्हणजे राणी गेली असण्याची शक्यता आहे. राणी प्रत्यक्ष शोधत बसावं लागत नाही.

मध कसा तयार होतो

फुलातल्या मकरंदात बहुतेक भाग पाणीच असतं. माशी तो मधपोटीत भरून आणते, त्यात तिची पाचकद्रव्यं मिसळतात, पोळ्यात एकमेकींच्या तोंडात देत आणि पंखांनी वारा घालत माश्या पाणी कमी करतात. पाणी 20 टक्क्यांच्या खाली आलं की घर मेणाने बंद करतात. असा बंद केलेला मध पिकलेला. उघड्या घरातला मध कच्चा, तो काढला तर बाटलीत आंबतो.

एका माशीला फुलांची जागा सापडली की ती पोळ्यावर येऊन विशिष्ट नाच करते. नाचाची दिशा सूर्याच्या संदर्भाने फुलांची दिशा सांगते आणि नाचाचा वेळ अंतर सांगतो. ही भाषा उलगडणारे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला.

पेटी आणि साहित्य

आजची मधपेटी ही अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ यांनी 1851 मध्ये मांडलेल्या एका साध्या गोष्टीवर उभी आहे. दोन पोळ्यांमध्ये माशीला चालण्यापुरती ठरावीक जागा सोडली तर ती ती जागा मेणाने बुजवत नाही, त्यामुळे चौकट सुटी काढता येते. पोळं न तोडता तपासणी करता येते आणि मध काढून तेच पोळं परत देता येतं.

पेटीला तळपाट, खालची पिलावा कोठी, वरची मधकोठी, लाकडी चौकटी आणि झाकण असतं. सोबत लागतं ते असं: धूर करायचं यंत्र, तोंडावरची जाळी, हातमोजे, पटाशीसारखी पेटी उघडायची पट्टी, मेणाचे टोपण काढायची सुरी आणि चौकटी फिरवून मध काढायचं यंत्र. हे यंत्र चार-पाच जणांनी मिळून घेतलं तरी चालतं.

जागा कशी निवडावी

- सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा. दार शक्यतो पूर्वेकडे.
- पेटी घोडीवर ठेवा आणि घोडीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. मुंग्या चढत नाहीत.
- जवळ स्वच्छ पाणी हवं. पसरट भांड्यात पाणी घालून त्यात खडे टाका, म्हणजे माश्या बुडणार नाहीत.
- गुरांचा गोठा, मदरसा-शाळेचं मैदान, मशिदीचं वजूखाना आणि रहदारीची वाट यांपासून दूर. माश्यांची उडण्याची वाट कुणाच्या दारावरून जाऊ नये.
- एक-दोन किलोमीटरच्या टप्प्यात फुलोरा आहे का, हे आधी वर्षभर पाहून लिहून ठेवा.

वर्षाचं गणित

आपल्या भागात हिवाळा आणि उन्हाळ्याचा पहिला टप्पा हा चांगला काळ. तूर, मोहरी, कोथिंबीर, कांद्याचे डेंगळे, शेवगा, मग कडुनिंब, जांभूळ, करंज असा फुलोरा मागोमाग येतो. पावसाळ्यात तीळ, मका, बोर असतं, पण संततधारेत माशी बाहेर पडत नाही.

दोन काळ कठीण. पहिला, मेमधला कडक उन्हाळा. पाणी आणि सावली नसेल तर सातेरी पेटी सोडून निघून जाते. पेटीवर ओलं पोतं टाका, वर छप्पर करा. दुसरा, पावसाळ्यातली उपासमार. तेव्हा साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पाक द्यावा लागतो, तोही संध्याकाळी आणि पेटीच्या आत. बाहेर सांडला तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लूट करायला येतात. पाक देण्याच्या काळात तयार झालेला 'मध' काढून विकायचा नाही. तो माश्यांचं जेवण आहे, ग्राहकासाठी मध नव्हे.

वसाहत दुबळी पडली की मेणकिड्याचं जाळं पोळ्यात दिसू लागतं. जुनी काळी पोळी काढून टाकणं, तळपाट आठवड्याला साफ करणं आणि रिकाम्या चौकटी पेटीत न ठेवणं हाच त्यावर इलाज.

हंगामात वसाहत भरली की माश्या नवी राणी तयार करतात आणि जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन बाहेर पडते. झाडाच्या फांदीला लटकलेला असा थवा हल्ला करायला आलेला नसतो, घर शोधत असतो. मधपाळ वेळीच वसाहतीची विभागणी करतो, म्हणजे एकाच्या दोन पेट्या होतात.

मध काढताना

चौकटीतली निदान तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाली असतील तरच मध काढावा. फक्त मधकोठीतला, पिलाव्यातला नाही. थोडा मध माश्यांसाठी ठेवावा. धूर हलका द्यावा; धुराने माश्या मध पिऊन सुस्त होतात आणि त्यांच्या धोक्याच्या इशाऱ्याचा गंध झाकला जातो. धूर आणि आग यात फरक आहे.

आग्या मोहोळाचा मधही माशी न मारता काढता येतो. पोशाख घालून, फक्त मधाचा भाग कापून, अंडी-अळ्यांचा भाग जागेवर ठेवायचा. माश्या तिथेच राहतात आणि मध पुन्हा भरतात. विदर्भात वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने या पद्धतीचा प्रसार केला आहे. पण हे काम प्रशिक्षणाशिवाय कुणीही करू नये. उंची, अंधार आणि आग्या माशी ही जिवावरची तिकडी आहे.

शेतकऱ्याचा खरा फायदा

बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या पट्ट्यात कांद्याचं बियाणं मोठ्या प्रमाणावर घेतलं जातं. कांद्याच्या फुलात पराग आधी तयार होतो आणि स्त्रीकेसर नंतर. म्हणजे त्याच फुलाचा पराग त्याच फुलाच्या कामी येत नाही. कुणीतरी एका गोंड्यावरून दुसऱ्या गोंड्यावर पराग न्यायलाच हवा, आणि हे काम मुख्यतः मधमाशी करते. माशी नसेल तर डेंगळा दिसायला चांगला, पण आत बी कमी. सूर्यफुलाला एकरी साधारण दोन पेट्यांची शिफारस असते. कांद्याला त्याहून जास्त लागतात.

म्हणून फवारणीची वेळ महत्त्वाची. पीक फुलावर असताना कीटकनाशक शक्यतो टाळावं. फवारायचंच असेल तर संध्याकाळी माश्या परतल्यावर, आणि शेजारी पेट्या असतील तर आदल्या दिवशी सांगून. मधपाळाने त्या रात्री दार बंद करून पेटी दूर हलवावी किंवा दार जाळीने झाकावं. एका शेजाऱ्याने न सांगता केलेली फवारणी दुसऱ्याच्या दहा पेट्या एका सकाळी रिकाम्या करू शकते.

डंख झाला तर

कामकरी माशीची नांगी काटेरी असते. ती कातडीत अडकते आणि माशी मरते, पण नांगीला जोडलेली विषाची पिशवी काही वेळ विष सोडत राहते. नांगी नखाने खरवडून लगेच काढा आणि बर्फ लावा. डंखाचा गंध इतर माश्यांना बोलावतो, म्हणून तिथे उभं राहून हात झटकू नका. तोंड झाकून सरळ दूर पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. विहिरीत-नदीत उडी मारू नका.

श्वास लागणं, ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी, चक्कर यांपैकी काही दिसलं तर ती ॲलर्जी असू शकते. घरगुती उपाय न करता ताबडतोब दवाखाना. अनेक डंख झालेल्या माणसालाही, तो ठीक दिसत असला तरी, दाखवून आणा.

घरातल्या मधाबद्दल तीन गोष्टी

पहिली, आणि सर्वांत महत्त्वाची : एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नका, चाटवूसुद्धा नका. मधात बोट्युलिझम या आजाराच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात. मध घरी उकळूनही ते मरत नाहीत. बद्धकोष्ठ, रडण्याचा आवाज बारीक होणं, दूध ओढता न येणं, अंग लुळं पडणं ही लक्षणं आहेत. आपल्याकडे तहनीक किंवा घुट्टी म्हणून मध चाटवण्याची रीत अनेक घरांत आहे. हदीसमध्ये तहनीक खजुराने केल्याचा उल्लेख आहे. त्यामुळे मध न दिल्याने सुन्नत सुटते असं मानायचं कारण नाही. नवजात बाळाच्या तोंडाला काय लावायचं, हे आजी-नानीने डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

दुसरी : मध थिजला, दाणेदार झाला म्हणजे साखर मिसळली असं नाही. मोहरीसारख्या फुलांचा मध लवकर थिजतो. बाटली कोमट पाण्यात ठेवा, पातळ होतो. पाण्याच्या ग्लासात थेंब टाकणं, काडी पेटवणं या परीक्षांवर विसंबू नये. भेसळ नक्की कळते ती प्रयोगशाळेतच.

तिसरी : शुगर असलेल्यांसाठी मध हीसुद्धा साखरच. 'शहद आहे, चालतं' असं नाही.

मधावर उश्र

मध विकून उत्पन्न घेणाऱ्यांना हा प्रश्न पडतो. हनफी फिकहनुसार उश्री जमिनीतल्या मधावर दहावा हिस्सा द्यावा लागतो. शाफई आणि मालिकी मतानुसार मधावर जकात नाही, मात्र व्यापारी माल म्हणून त्याचा हिशेब वेगळा. भारतातल्या जमिनी उश्री आहेत की नाहीत यावर उलमांमध्ये चर्चा आहे. तेव्हा आपली पेटी, जमीन आणि विक्री यांचा तपशील सांगून स्थानिक मुफ्तीसाहेबांकडून खुलासा करून घ्यावा.

प्रशिक्षण आणि मदत

पुण्यात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. त्याच भागातलं मांघर हे गाव 2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. मंडळाच्या मध केंद्र योजनेत 50 टक्के अनुदान आणि 50 टक्के स्वतःची गुंतवणूक असते. वैयक्तिक मधपाळासाठी अर्जदार साक्षर आणि 18 वर्षांवरचा हवा, प्रशिक्षण 10 दिवसांचं. केंद्रचालकासाठी दहावी पास, वय 21 च्या पुढे, किमान एक एकर शेती आणि 20 दिवसांचं प्रशिक्षण अशा अटी आहेत. अर्जाची चौकशी बुलढाण्याच्या जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात करावी. नियम बदलतात, म्हणून ताजी माहिती तिथेच घ्यावी. कृषी विज्ञान केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ इथेही विचारता येईल. मध बाटलीत भरून विकायचा तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते.

सुरुवात दोन पेट्यांनी करा. एकीची राणी गेली तर दुसरीतून अंड्यांची चौकट देता येते. पहिलं वर्ष मधाचा हिशेब करू नका, वहीत फुलोरा आणि वसाहतीच्या नोंदी करा. वसाहत दोन उन्हाळे टिकली की मग पेट्या वाढवा. आणि पेटी घ्यायची नसली, तरी पुढच्या वेळी चिंचेवर मोहोळ दिसलं की पलिता पेटवण्याआधी प्रशिक्षित माणसाला बोलवा. तेवढ्यानेही गावाचं शेत वाचेल.